मूठभर धान्य आणि सरकारी अनुदान : कर्मवीर भाऊराव पाटील

पिंपळगाव बसवंत हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांसाठी. मुंबई-आग्रा महामार्गावरून जाणाऱ्याला बाजार समितीकडे वळणाऱ्या वाहनांची रांग दिसते आणि गावाची ओळख तेथेच पुरी झाली असे त्याला वाटते. परंतु या गावाची आणखी एक ओळख आहे व ती महाविद्यालयाच्या फलकावर लिहिलेली आहे. कर्मवीर काकासाहेब वाघ यांचे नाव या महाविद्यालयाला आहे. तालुक्याच्या गावी, निफाडला, कर्मवीर गणपतदादा मोरे यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. नाशिक शहरात कर्मवीर रावसाहेब थोरात यांचे नाव तसेच जोडलेले आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या नाशिक जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाच्या या संस्था. शेतकऱ्यांच्या मुलांना शिकविण्यासाठी ज्यांनी दारोदार हिंडून पैसा उभा केला, त्यांना समाजाने पदवी दिली ती 'कर्मवीर' ही. ती ना विद्यापीठाची होती, ना सरकारची.

महाराष्ट्रात नुसते कर्मवीर म्हटले की जे नाव डोळ्यांपुढे येते, ते मात्र साताऱ्याचे. भाऊराव पायगोंडा पाटील यांचे चरित्र शाळेच्या पाठ्यपुस्तकातून आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले असते. वटवृक्षाचे बोधचिन्ह, कमवा आणि शिका ही योजना, पांढरीशुभ्र दाढी आणि हातातील काठी एवढे सर्वांच्या स्मरणात असते. या महापुरुषाने आयुष्यातील चाळीस वर्षे पैसे मागण्यात घालविली, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तक संकोचाने सांगते. वास्तविक त्यात संकोच वाटावा असे काही नाही. कोणाकडून घ्यावे, कोणत्या अटीवर घ्यावे, कोणती अट ऐकताच उठून चालू लागावे आणि देणाऱ्याने हात आखडला तर संस्था कशी जगवावी, हे प्रश्न आजही प्रत्येक लहानमोठ्या सार्वजनिक संस्थेला पडतात. भाऊरावांनी त्यांची उत्तरे पुस्तकात लिहून ठेवलेली नाहीत. ती त्यांच्या जीवनक्रमातच शोधावी लागतात.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. घराणे ऐतवडे बुद्रुकचे. वडील महसूल खात्यात नोकरीला असल्याने गावे बदलत गेली. शिक्षणासाठी कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये घातलेला हा मुलगा अभ्यासापेक्षा कुस्तीत अधिक रमे आणि इंग्रजी सहाव्या इयत्तेपलीकडे त्याची मजल गेली नाही. जैन वसतिगृहात राहत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याची आज्ञा झाली, ती त्याने मानली नाही आणि वसतिगृहातून त्याची हकालपट्टी झाली. पुढे त्याला आसरा मिळाला तो शाहू छत्रपतींच्या छायेत. वसतिगृह कशाला म्हणतात आणि त्याच्या दारातून बाहेर काढले जाणे म्हणजे काय, हे दोन्ही त्याला विद्यार्थिदशेतच कळून चुकले होते.

इस्लामपुरातील ज्ञानदेव घोलप नावाच्या अस्पृश्य मुलाची गोष्ट याच सुमाराची. शाळेबाहेर बसून शिकणाऱ्या या मुलाला भाऊरावांनी कोल्हापूरला आणून मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. हाच मुलगा पुढे मुंबई विधिमंडळाचा सभासद झाला. भाऊरावांच्या हयातभराच्या उद्योगाचे बीज या एका प्रवासात दिसते. हुशार मूल शोधायचे, त्याला गावातून उचलायचे आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय लावायची. शाळा हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न भाकरीचा होता.

त्या काळातील खेड्याची स्थिती लक्षात घेतल्याशिवाय हा प्रश्न उमगत नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शिक्षणसंस्थांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत हिंदुस्थानात सुरू केली. धोरण म्हणून ते उदार होते. पण या पद्धतीचा एक अंगभूत नियम असा की, संस्थेने आधी शाळा काढावी, इमारत आणि शिक्षक उभे करावेत, खर्च करावा, तपासणी व्हावी आणि मग मान्य खर्चाचा काही हिस्सा सरकारने द्यावा. म्हणजे ज्याच्यापाशी आधीच काही आहे त्यालाच अधिक मिळायचे. शहरातील सुशिक्षित मंडळी अर्ज लिहू शकत, देणगीदार गाठू शकत, अधिकाऱ्यांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करू शकत. त्यांच्या शाळांना अनुदान मिळाले यात त्यांचा दोष नाही. खेड्यातील कुणब्याच्या, महाराच्या, रामोशाच्या वाट्याला मात्र या पद्धतीतून फारसे काही आले नाही. शिक्षणावर खर्च होणाऱ्या सरकारी पैशाचा उगम शेतकऱ्याच्या घामात आहे आणि लाभ मात्र भलतीकडे जातो, हे महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करून सांगितलेच होते. सत्यशोधक विचारांत वाढलेल्या भाऊरावांना ही असमता शिकवावी लागली नाही.

तथापि संस्था काढण्यापूर्वी त्यांना पोटाचा उद्योग करावा लागला. आरंभी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. १९१४ साली कोल्हापुरातील राजपुतळ्यांना डांबर फासल्याच्या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी त्यांच्यावर दडपण आले. त्यांनी नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास सोसला. लठ्ठे म्हणजे ज्यांच्या शिस्तीमुळे त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले होते तेच गृहस्थ. हे ध्यानी घेतले म्हणजे या नकाराचे मोल कळते. पुढे ते ओगल्यांच्या कंदिलांचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते झाले. चरित्रकार हा भाग दोन ओळींत संपवितात. माझ्या मते तो फार महत्त्वाचा आहे. लोखंडी नांगर जमिनीला विष घालतो अशी समजूत असण्याच्या काळात शेतकऱ्याच्या गळी नांगर उतरविणे म्हणजे त्याच्या ओसरीवर बसणे, त्याची भाषा बोलणे, नकार ऐकून पुन्हा जाणे. पुढे याच माणसाने गावोगाव शाळेसाठी धान्य मागितले तेव्हा दार वाजवायची कला त्याला नव्याने शिकावी लागली नाही.

धनजीशा कूपर यांच्या साताऱ्याजवळील पाडळीच्या कारखान्याच्या उभारणीत भाऊरावांचा मोठा वाटा होता. या कारखान्याच्या नफ्यातून शिक्षणकार्याला काही हिस्सा मिळावा असे ठरले होते आणि तो शब्द पाळला गेला नाही, म्हणून भाऊराव तेथून बाहेर पडले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. उद्योगाच्या नफ्यातून समाजकार्याला रक्कम काढून ठेवण्याची कल्पना आज कंपनी कायद्यात आली आहे. २०१३ च्या कायद्याने ठराविक आकारापुढील कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे आवश्यक झाले. साताऱ्यात ही गोष्ट त्याआधी नव्वद वर्षे केवळ एका शब्दावर अवलंबून होती. या अनुभवानंतर भाऊरावांनी एकाच मोठ्या दात्याच्या भरवशावर संस्थेचा डोलारा कधी उभा केला नाही.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी झाली. त्यापूर्वी दुधगाव येथे वसतिगृहाचा प्रयोग झालेला होता. १९२४ साली संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुले एका पंगतीला बसत आणि स्वयंपाकही आळीपाळीने स्वतः करीत. जातवार वसतिगृहांचा तो जमाना होता. प्रत्येक जातीतील धनिक आपापल्या जातीच्या मुलांसाठी पैसा देत. तसा पैसा मिळविणे तुलनेने सोपे होते. सर्वांचे मिळून एक वसतिगृह म्हटले की हे सगळे दाते एकदम मागे सरत. सोपा पैसा सोडून अवघड पैसा मागण्याचा मार्ग भाऊरावांनी जाणूनबुजून पत्करला. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. पुढे हरिजन सेवक संघाच्या निधीतून या वसतिगृहाला वर्षाला ५०० रुपयांचे साहाय्यही मिळू लागले.

वर्षाला ५०० रुपयांत शे-सव्वाशे मुले जेवत नाहीत. त्यांच्या जेवणाचा खरा भार वाहिला तो दोघींनी. त्यांतील एक म्हणजे खेड्यापाड्यांतील नाव नसलेली गृहिणी. मुष्टी फंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत तिने रोज दळणाला बसताना मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे आणि ते ठरावीक दिवशी वसतिगृहाकडे जायचे. दुष्काळी पट्ट्यातील बाईजवळ नाणे नसे, पण मूठ होती. ज्या घरातून रोज मूठभर ज्वारी जाते त्या घराला वसतिगृह आपले वाटू लागते, हा या योजनेचा दुसरा आणि कदाचित मोठा लाभ होता. अनुदान देणारे सरकार बदलते, त्याचे मन पालटते. हजारो मडक्यांतून येणारे धान्य एका आदेशाने बंद करता येत नाही.

दुसरी स्त्री म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. विद्यार्थी भाऊरावांना अण्णा म्हणत आणि लक्ष्मीबाईंना वहिनी. सुखवस्तू घरातून आलेल्या या स्त्रीने माहेरचे संस्कार आणि सोवळेओवळे बाजूस ठेवून सर्व जातींच्या मुलांना पोटाशी धरले. वसतिगृहातील धान्य संपे तेव्हा अण्णा बहुधा वर्गणीसाठी फिरतीवर असत. अशा वेळी लक्ष्मीबाई एकेक दागिना मोडीत काढीत. अखेर एकदा मुलांवर उपाशी राहण्याची पाळी आली आणि घरी मंगळसूत्राखेरीज काही उरले नव्हते; तेही त्यांनी मुलांच्या जेवणासाठी दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. ही कथा व्याख्यानांतून इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिची धार बोथट झाली आहे. ती त्यागाची कथा आहेच, पण ती एका संस्थेच्या हिशेबाचीही कथा आहे. मिळकत आणि खर्च यांतील खड्डा दरवेळी कोणीतरी आपल्या अंगावरून भरून काढीत होते, आणि त्या व्यक्तीचे नाव जमाखर्चाच्या वहीत येत नव्हते. आजही अनेक संस्थांत सरकारी वा खाजगी निधीचा हप्ता लांबला की पहिला पगार थांबतो तो कार्यकर्त्याचा आणि घर चालते ते त्याच्या पत्नीच्या कमाईवर. मंगळसूत्र विकले जाण्याची वेळ का आली, हा प्रश्न व्याख्यानांतून विचारला जात नाही.

१९३२ साली गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांच्यातील पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय सुरू झाले. त्याचे नाव सिल्व्हर जुबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. राजे पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाचा तो रौप्यमहोत्सव. खादी वापरणाऱ्या, सत्यशोधक परंपरेतील माणसाने आपल्या विद्यालयाला इंग्रज राजाच्या महोत्सवाचे नाव द्यावे याचे आश्चर्य वाटते. पण त्या नावाने सरकारी मान्यतेचे दार अधिक सहज उघडले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे. पुढे हेच विद्यालय महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कोठे वाकायचे आणि कोठे वाकायचे नाही याचा त्यांचा विवेक पक्का होता. तो कसा, हे महाविद्यालयाच्या नावाच्या प्रसंगी दिसून येणार होते.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. खेड्यांत शाळा काढण्याइतका पैसा सरकारपाशी नव्हता. त्यामुळे जेथे शाळा नाही अशा गावी खाजगी संस्थांनी प्राथमिक शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांना अनुदान द्यावे अशी व्हॉलंटरी शाळांची योजना निघाली. रक्कम तुटपुंजी होती. अनेकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. भाऊरावांपाशी मात्र दोन गोष्टी तयार होत्या : स्वतःच्या अध्यापक विद्यालयातून बाहेर पडणारे, वसतिगृहात वाढलेले, काटकसरीची सवय असलेले तरुण शिक्षक आणि मुष्टी फंडामुळे जोडलेली गावे. गावाने चावडी, देऊळ किंवा गोठा द्यायचा, शिक्षकाच्या राहण्याजेवण्याची काळजी घ्यायची. संस्थेने शिक्षक द्यायचा. सरकारने अनुदान द्यायचे. या तीन पायांवर डोंगराळ भागातील वाड्यावस्त्यांपर्यंत पाचशेहून अधिक शाळा पोहोचल्या. सरकारी योजना जशीच्या तशी न राबविता तिच्याखाली लोकवर्गणीचा पाया घालणे, हे या कामाचे मर्म होते. पुढे सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाल्यावर या शाळा स्कूल बोर्डांकडे गेल्या. संस्थेने उभे केलेले काम शेवटी शासनाने आपले म्हणून स्वीकारावे, यापरते यश कोणते?

१९४० साली साताऱ्यात निघालेल्या मोफत आणि वसतिगृहयुक्त माध्यमिक शाळेला महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव देण्यात आले. नाशिक जिल्ह्यातील वाचकांना हे नाव आपल्या घरचे वाटेल. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावच्या शेतकऱ्याचा गोपाळ नावाचा हा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, त्याने आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि महाराष्ट्रातील कितीतरी होतकरू माणसांना व संस्थांना साहाय्य केले. डॉ. आंबेडकरांच्या अमेरिकेतील शिक्षणाची शिष्यवृत्ती त्यांचीच. संस्थानिकांचा हा पैसा भाऊरावांना आणि त्यांच्या समकालीनांना मोलाचा होता. नाशिकच्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या उदाजी महाराज बोर्डिंगमागेही धारच्या संस्थानिकांचे नाव आहे. राजेशाही गेली तशी ही वाटही बंद झाली आणि शिक्षणसंस्थांपुढे दाता म्हणून मुख्यतः शासन उरले.

स्वातंत्र्यवर्षी, जून १९४७ मध्ये, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. महाविद्यालयाचा खर्च शाळेच्या कैक पटींनी मोठा. अशा वेळी एक धनिक मोठी देणगी घेऊन पुढे आला. त्याची अट एकच होती : महाविद्यालयाला आपले नाव द्यावे. त्या काळी आणि आजही अशी अट मान्य करणे ही रूढ गोष्ट आहे. परंतु येथे शिवाजी महाराजांचे नाव काढून दुसरे घालायचे होते. भाऊरावांनी दिलेले उत्तर महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. आपल्या जन्मदात्या बापाचे नाव एकवेळ बदलीन, परंतु महाविद्यालयाला दिलेले शिवाजी महाराजांचे नाव बदलणार नाही, अशा आशयाचे ते होते. देणगी परत गेली. महाविद्यालयाच्या भोवतीची खडकाळ जमीन मग मुलांनीच फोडली. कमवा आणि शिका या योजनेचा अर्थ आज ग्रंथालयात दोन तास पुस्तके लावण्यापुरता उरला असेल. त्या वेळी तो कुदळ, पहार आणि शेतातील घाम असा होता. विद्यार्थ्याचे श्रम हेही त्या संस्थेच्या जमेच्या बाजूचे एक खाते होते. दान घेऊन शिकलेल्या मुलाची मान खाली राहते, कष्ट करून शिकलेल्याची राहत नाही, हे भाऊराव ओळखून होते.

आणि मग आले १९४८ साल. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. एकीकडे एवढा विस्तार डोक्यात असताना दुसरीकडे सरकारशी त्यांचे बिनसले. सातारा हा प्रतिसरकारचा जिल्हा. भूमिगतांना रयतच्या वसतिगृहांतून मिळालेली सहानुभूती सर्वश्रुत होती. परकीय सरकारविरुद्ध स्पष्ट बोलणारा हा माणूस आपले सरकार आल्यावर गप्प बसेल अशी कोणाची अपेक्षा असेल, तर ती चुकीची होती. सरकारच्या कारभारावर त्यांनी जाहीर सभांतून कडक टीका केली आणि मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अनुदान भाऊराव पाटील या व्यक्तीला मिळत नव्हते. ते शाळांना, म्हणजे शिक्षकांच्या पगारांना आणि मुलांच्या शिक्षणाला मिळत होते. बोलले भाऊराव आणि शिक्षा झाली ती डोंगराकडच्या वाडीतील मुलाला. सरकारी पैसा हा जनतेचाच पैसा. तो मंत्र्यांच्या मर्जीचा प्रसाद नव्हे. पण व्यवहारात देणारा हात त्याला प्रसाद समजतो आणि घेणाऱ्यानेही तसेच समजावे अशी अपेक्षा धरतो. भाऊरावांपुढे तेव्हा दोन मार्ग होते. दिलगिरी व्यक्त करायची आणि शाळा वाचवायच्या, किंवा आपल्या शब्दांवर ठाम राहायचे आणि शेकडो शिक्षकांचे संसार पणाला लावायचे. दुसरा मार्ग चोखाळणे व्यासपीठावर शोभून दिसते. ज्याला महिन्याच्या अखेरीस पगार वाटायचा असतो त्याला तो मार्ग किती जड जातो हे संस्थाचालकच जाणे. भाऊराव नमले नाहीत. त्यांच्या या हट्टात संस्थेच्या प्रमुखाला न शोभणारा अविचार होता असे म्हणणारेही होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पण जी संस्था तीस वर्षे लोकांच्या मुठीवर उभी राहिली होती तिच्यापाशी सरकारवाचून काही काळ तग धरण्याची शक्ती होती. शिक्षकांनी पदरमोड केली, गावांनी धान्य दिले, आणि शाळा चालू राहिल्या.

हा तिढा सुटला तो एका अनपेक्षित मध्यस्थाकडून. गाडगे महाराज म्हणजे हातात खराटा आणि डोक्यावर मडक्याचे खापर घेऊन हिंडणारे, शाळेचे तोंड न पाहिलेले सत्पुरुष. पंढरपूर, आळंदी, देहू आणि आपल्या नाशिकला त्यांनी धर्मशाळा बांधल्या, लाखोंचा निधी जमविला आणि त्यातील पैशाला स्वतःच्या नात्यागोत्यातील कोणाचा हात लागू दिला नाही. मुख्यमंत्री खेर हे सात्त्विक वृत्तीचे गृहस्थ. गाडगेबाबांविषयी त्यांना नितांत आदर होता. बाबांनी खेरांपाशी भाऊरावांच्या शाळांचा विषय काढला आणि गोरगरिबांच्या मुलांचे अनुदान तोडू नये अशी गळ घातली. अनुदान पुन्हा सुरू झाले. यात खेरांचाही मोठेपणा आहे हे विसरता कामा नये. दिलेला हुकूम मागे घेण्यास सत्तेवरच्या माणसाला जे धैर्य लागते ते त्यांनी दाखविले. तरीही मनात एक सल राहतो. न्याय मिळाला तो नियमाने नव्हे, तर एका संताच्या शब्दाने. ज्या संस्थेला गाडगेबाबा लाभले नाहीत तिने काय करावे? १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या रयतच्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले गेले. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९५६ मध्ये, बाबा गेले.

अखेरच्या दशकात संस्थेचा वेल मांडवावर गेला. १९५५ मध्ये साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले. गांधीजींच्या स्मरणार्थ ठरविलेला माध्यमिक शाळांचा आकडा भाऊरावांच्या हयातीतच ओलांडला गेला. वसतिगृहात वाढलेली मुले संस्थेचे काम हाती घेऊ लागली, त्यांपैकी पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन परत आले, संस्थेच्या सेवेत राहिले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. स्वतः घडविलेल्या माणसांच्या हाती संस्था सोपविता येणे हे भाग्य फार थोड्या संस्थापकांना लाभते.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. स्वातंत्र्यानंतर शिक्षकांच्या वेतनाचा भार शासनाने टप्प्याटप्प्याने उचलला आणि ते योग्यच झाले. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्रावर राज्याची शिक्षणव्यवस्था चालू शकत नाही. परंतु पगार शासनाकडून येऊ लागल्यावर गावाची मूठ हळूहळू मिटली. शाळा ही गावाची न राहता अनुदानप्राप्त संस्थेची झाली, तिच्या कार्यकारिणीच्या निवडणुका आमदारकीच्या चुरशीने होऊ लागल्या. पुढे शासनाचाही हात आखडला. १९८३ नंतर विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे युग आले. २००१ साली नव्या शाळांना कायम विनाअनुदानित तत्त्वावरच परवानगी देण्याचे धोरण ठरले. २००९ साली त्यातील कायम हा शब्द वगळण्यात आला आणि त्यानंतर वीस टक्के, चाळीस टक्के अशा टप्प्यांच्या अनुदानासाठी शिक्षकांना मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसावे लागले. निफाड तालुक्यातील द्राक्षबागाईतदाराची ऐपत १९१९ च्या काल्याच्या शेतकऱ्याहून कितीतरी अधिक आहे. तरीसुद्धा गावच्या शाळेचे छप्पर गळू लागले की आपण आधी शासनाकडे वेतनेतर अनुदानाचा अर्ज करतो. अर्ज अवश्य करावा. तो आपला हक्क आहे. भाऊरावांनीही अर्ज केले होते. फक्त अर्ज पोस्टात टाकून ते घरी बसले नाहीत.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ५ एप्रिल १९५९ रोजी पुणे विद्यापीठाने, जो मनुष्य इंग्रजी सहावीपुढे गेला नव्हता त्याला, डी. लिट. ही सन्मान्य पदवी अर्पण केली. त्या वेळी प्रकृती ढासळलेली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. काल्याला लावलेल्या रोपाच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत. २०२१ साली साताऱ्यातील तीन महाविद्यालये एकत्र करून राज्य शासनाने समूह विद्यापीठ स्थापन केले. त्यांतील एक महाविद्यालय तेच, ज्याच्या फलकावरील शिवाजी महाराजांचे नाव देणगीसाठी बदलले गेले नाही. विद्यापीठाला नाव मिळाले ते कर्मवीर भाऊराव पाटील यांचे.